म्हातारपणाची गरिबी : जकात आपली, पण जबाबदारी नगरपालिकेचीही

रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या गरीब बुजुर्गांची आठवण सगळ्यांनाच होते. जकात, फित्रा, शिधा, कपडे असं काही ना काही त्यांच्या दारात येतं. प्रश्न उरलेल्या अकरा महिन्यांचा आहे. बीपीच्या गोळ्या शव्वालमध्येही लागतात, घरभाडं मोहरममध्येही द्यावं लागतं, आणि डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या रमजानपर्यंत थांबत नाही.

बिरादरीने आपलं काम करावंच. पण म्हातारपणी माणसाला आधार देणं हे सरकारचंही काम आहे. राज्यघटनेच्या ४१व्या कलमात वृद्धापकाळातल्या सरकारी मदतीचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या मदतीचा सर्वांत जवळचा दरवाजा म्हणजे आपली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका. हा दरवाजा आपण फारसा ठोठावत नाही. रस्ता, गटार, कब्रस्तानची भिंत यासाठी आपण नगरसेवकाकडे जातो, पण मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी निवेदन घेऊन गेल्याचं क्वचितच ऐकायला मिळतं.

आपल्याकडे ही गरिबी कुठून येते?

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दर शंभर माणसांत जवळपास दहा जण साठीच्या पुढचे होते. त्यातली बहुतेक माणसं पेन्शनशिवाय म्हातारी होतात. मुस्लिम समाजात तर हे आणखी ठळक आहे, कारण आपल्यातला मोठा वर्ग पगारी नोकरीत कधी नव्हताच. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालाने हेच नोंदवलं होतं, की मुस्लिम समाजाचं पोट मुख्यतः स्वतःच्या छोट्या धंद्यावर आणि असंघटित मजुरीवर चालतं.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत यंत्रमागावर तीस-चाळीस वर्षं काढलेला कामगार घ्या. सोलापूरची विडी वळणारी खाला घ्या. गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरणारा पिंजारी, बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन बसणारा बागवान, पानाच्या गादीवरचा तांबोळी, हातगाडीवाला, गवंडी, ड्रायव्हर घ्या. यांच्यातल्या बहुतेकांना ना प्रॉव्हिडंट फंड, ना ग्रॅच्युइटी. हात चालत होते तोवर घर चाललं. कोकणात आणखी एक चित्र दिसतं. आखातात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस परत आला, बचत मुलींच्या लग्नात आणि घर बांधण्यात गेली, आणि तिथल्या नोकरीची इथे कसलीच पेन्शन नाही. घर मोठं असतं, म्हणून तो गरीब आहे हेही कोणाला पटत नाही.

असंघटित कामगारांसाठी अलीकडे आलेल्या योजना या पिढीच्या उपयोगाच्या नाहीत. २०१९ची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना १८ ते ४० वयाच्या लोकांसाठी आहे. २०२१मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीची मर्यादा ५९ वर्षं आहे. आज सत्तरीत असलेला माणूस दोन्हीकडून बाहेर.

सर्वांत अवघड अवस्था एकट्या बाईची होते. नवरा गेला, मुलगा वेगळा राहतो किंवा त्याचंच भागत नाही. ती कोणाकडे मागत नाही. घरातल्या लोकांनाही वाटतं, आपण असताना आई सरकारकडे हात पसरते म्हटल्यावर लोक काय म्हणतील! या लाजेपायी हक्काची पेन्शन वर्षानुवर्षं राहून जाते.

सध्या काय मिळतं?

निवेदन देण्याआधी योजना नीट माहीत हव्यात. मुख्य योजना अशा आहेत :

• श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय ६५ पूर्ण, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि नाव दारिद्र्यरेषेखालच्या यादीत किंवा कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. जुलै २०२३पासून रक्कम महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली.

• इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. केंद्राची योजना, दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी. यात केंद्राचा वाटा महिना २०० रुपये, ८० वर्षांनंतर ५०० रुपये. महाराष्ट्रात राज्य आपला वाटा घालून ही रक्कम श्रावणबाळच्या बरोबरीला आणतं.

• संजय गांधी निराधार अनुदान योजना. ६५ वर्षांखालच्या विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, दिव्यांग आणि गंभीर आजारी निराधारांसाठी. म्हणजे साठीच्या आसपासच्या विधवेने ६५ होण्याची वाट बघत बसायचं कारण नाही.

• अंत्योदय रेशन. कार्डामागे महिना ३५ किलो धान्य. विधवा किंवा साठीपुढची व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल आणि उत्पन्नाचं खात्रीचं साधन नसेल, अशी घरं या योजनेच्या निकषांत बसतात.

• मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय ६५च्या पुढे, उत्पन्न २ लाखांपर्यंत. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर यांसाठी एकदाच ३,००० रुपये.

• आयुष्मान वय वंदना कार्ड. ७० वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. ऑक्टोबर २०२४पासून सुरू.

यातली अडचण २१,००० रुपयांच्या अटीत आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला ५८ रुपयेही नाहीत, आणि तेही पूर्ण कुटुंबाचे. एवढ्यात आज कोणाचं घर चालतं? हमाली करणाऱ्या मुलाची कमाईसुद्धा ही मर्यादा सहज ओलांडते. मग एकतर खरं उत्पन्न सांगून पेन्शन सोडायची, किंवा दाखल्यासाठी कोणाच्या तरी मेहरबानीवर अवलंबून राहायचं.

याच सरकारच्या लाडकी बहीण योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. पण ती योजना ६५व्या वर्षी संपते. म्हणजे ६४ वर्षांच्या बाईला १,५०० रुपये मिळतात, आणि ६५ झाल्यावर त्याच बाईला, त्याच घरात, श्रावणबाळसाठी २१,००० च्या अटीत बसून दाखवावं लागतं. वय वाढलं की गरज वाढते, इथे मात्र दरवाजा अरुंद होतो. ही अट बदलणं राज्य सरकारच्या हातात आहे, पण त्यासाठी ठराव करून पाठवणं प्रत्येक ग्रामसभेच्या आणि नगरपालिकेच्या हातात आहे.

“हे काम तहसीलचं, आमचं नाही”

निवेदन घेऊन गेलात की हे उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. ते अर्धं खरं आहे. पेन्शनचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत जातो आणि तालुका समिती तो मंजूर करते. पण बाकीचं अर्धं असं की गरिबी निर्मूलन आणि दुर्बल घटकांचं कल्याण हे विषय घटनेने स्थानिक संस्थांच्या यादीत दिले आहेत. ७३व्या घटनादुरुस्तीने आलेली अकरावी अनुसूची ग्रामपंचायतींसाठी आहे, ७४व्या दुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची शहरांसाठी.

शिवाय म्हाताऱ्या माणसाला पेन्शनपर्यंत पोहोचायला जे कागद लागतात, त्यातले कितीतरी स्थानिक संस्थेच्याच कपाटात असतात : जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टीचा उतारा, दिव्यांग निधीची यादी. घरोघर फिरणारी आशाताई कोण कुठे एकटं राहतं हे कोणत्याही तहसीलदारापेक्षा जास्त जाणते. म्हणून पेन्शन मंजूर करा असं नगरपालिकेला सांगायचं नाही. माणसं शोधा, कागद पूर्ण करा आणि तहसीलपर्यंत पोहोचवा, हे सांगायचं.

कागद कुठे अडतात?

आपल्या घरांत वारंवार दिसणाऱ्या अडचणी पुढच्याप्रमाणे :

*नावातला फरक.* आधारवर ‘शेख फातिमा’, रेशनकार्डावर ‘फातेमाबी शेख’, बँकेत ‘फातिमा बेगम’. माणूस एकच, कागदावर तीन. आता अनुदान आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतं, त्यामुळे हा फरक असेल तर पैसे अडकतात. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद समोर ठेवून नाव, जन्मतारीख आणि खात्याची आधार जोडणी तपासा.

*वयाचा पुरावा.* शाळेत न गेलेल्या बुजुर्गांकडे दाखला नसतो. अशा वेळी मतदार यादीतल्या किंवा रेशनकार्डावरच्या वयाचा उतारा, नाहीतर सरकारी रुग्णालयातल्या अधिकृत डॉक्टरचा वयाचा दाखला चालतो. “शाळेचाच दाखला आणा” म्हणून परत पाठवलं, तर तसं लेखी मागा.

*नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला.* दफनविधी झाला, जमातच्या किंवा कब्रस्तानच्या रजिस्टरला नाव लागलं, आणि लोकांना वाटलं नोंद झाली. पण ती सरकारी नोंद नसते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत करायची असते. एक वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हा एक कागद नसल्यामुळे विधवेचा अर्ज पुढे सरकत नाही. कब्रस्तान कमिटीने दफनाच्या वेळीच घरच्यांना हे सांगितलं, तर पुढची धावपळ वाचेल.

*हयातीचा दाखला.* पेन्शन सुरू झाल्यावरही लाभार्थी हयात असल्याची दरवर्षी खात्री केली जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने तो दाखला द्यायला कसं जायचं? पेन्शन अचानक बंद झाली तर आधी हेच तपासा.

*अंगठ्याचा ठसा.* राबून राबून बोटं झिजलेली असतात. रेशन दुकानात मशीन ठसा घेत नाही. पण केवळ ठसा जुळला नाही म्हणून रेशन नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत, आणि ज्येष्ठांच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला नेमण्याची सोयही आहे.

नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे काय मागायचं?

“ज्येष्ठांसाठी काहीतरी करा” असं मोघम निवेदन फाईलमध्ये जातं. नेमकं आणि मोजता येईल असं मागा :

१. साठीपुढच्या माणसांची प्रभागवार यादी. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या मदतीने. कोण एकटं राहतं, कोणाला पेन्शन आहे, कोणाला नाही, कोण अंथरुणाला खिळलं आहे, एवढी माहिती पुरे.

२. दर तीन महिन्यांनी मोहल्ल्यात शिबीर. तलाठी, संजय गांधी शाखेचा कर्मचारी, आधार दुरुस्तीचं मशीन आणि बँकेचा माणूस एकाच दिवशी, एकाच जागी. जागा उर्दू शाळेची असो, समाजमंदिराची असो किंवा जमातखान्याची. दिवस मात्र शुक्रवार दुपार टाळून ठरवायला सांगा.

३. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी जाऊन पडताळणी. हयातीचा दाखला आणि आधारचं काम दोन्ही.

४. दिव्यांग निधीचा हिशेब. स्थानिक संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. ऐकू न येणं, नजर जाणं, चालता न येणं यामुळे ज्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरतं, ते ज्येष्ठही प्रमाणपत्र घेऊन या निधीत हक्क सांगू शकतात. निधी किती, खर्च किती, लाभार्थी कोण, हे विचारा.

५. अंदाजपत्रकात ज्येष्ठांसाठी वेगळी तरतूद. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण ओळ वेगळी हवी. वेगळी ओळ असली की पुढच्या वर्षी जाब विचारता येतो.

६. दवाखान्यात गोळ्या महिन्याच्या एकदम. बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी आठवड्याला रांग लावायला लागू नये. ज्येष्ठांची रांग वेगळी असावी, हे २००७च्या कायद्यातही आहे.

७. उत्पन्न मर्यादा वाढवण्याचा ठराव. श्रावणबाळ आणि संजय गांधी योजनेची २१,००० ची अट बदलावी, असा ठराव करून राज्य सरकारकडे पाठवावा.

केव्हा आणि कसं जायचं?

वेळ साधणं महत्त्वाचं. शहरातली अंदाजपत्रकं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मांडली जातात, म्हणून निवेदन नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच द्या. अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर गेलात, तर “पुढच्या वर्षी बघू” हेच ऐकायला मिळेल.

गावात ग्रामसभा हे मोठं साधन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना जा. त्याआधी महिलांची वेगळी सभा होते, तिथे आपल्या आपा, खाला, चाची यांनी जावं आणि बोलावं. मागणी तोंडी करून थांबू नका, इतिवृत्तात लिहून घ्या.

निवेदन एकट्या मुस्लिम मोहल्ल्याचं न ठेवता शेजारच्या वस्तीलाही बरोबर घ्या. मातंग वस्तीतली आजी आणि आपल्या गल्लीतली दादी, दोघींचा अर्ज एकाच टेबलावर, एकाच अटीने अडलेला असतो. सह्या दोन्हीकडच्या असल्या की निवेदनाला वजन येतं, आणि कोणाला त्याला जातीय रंगही देता येत नाही.

नमुना असा ठेवता येईल :

*प्रति, मा. मुख्याधिकारी / आयुक्त / सरपंच*
*विषय : प्रभागातील निराधार ज्येष्ठ नागरिकांना शासकीय योजनांचा लाभ मिळणेबाबत*
*महोदय, आमच्या प्रभागात आम्ही केलेल्या पाहणीत ६० वर्षांवरील एकूण …… व्यक्ती आढळल्या. त्यांपैकी …… पात्र व्यक्तींना कोणतेही निवृत्तिवेतन मिळत नाही. …… व्यक्ती अंथरुणाला खिळून आहेत. यादी सोबत जोडली आहे. तरी (१) ३० दिवसांत प्रभागात शिबीर घ्यावे, (२) आगामी अंदाजपत्रकात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र तरतूद करावी, (३) निवृत्तिवेतनाची उत्पन्न मर्यादा वाढवण्याबाबत ठराव करून शासनास पाठवावा, ही विनंती.*

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ. “आमच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली?” एवढा एक प्रश्न पुरे होतो.

मुलं सांभाळत नसतील तर?

हाही विषय टाळून चालणार नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा, २००७ सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. मुलं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो, आणि निकालासाठी ९० दिवसांची मुदत ठरलेली आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करायची तरतूदही यात आहे. म्हणून हिबा करताना सांभाळण्याची अट कागदावर जरूर लिहा.

घटस्फोटित वृद्ध स्त्रीसाठी १९८६च्या मुस्लिम महिला कायद्यात आणखी एक वाट आहे. तिचं स्वतःचं भागत नसेल आणि नातेवाइकांचीही ऐपत नसेल, तर दंडाधिकारी राज्य वक्फ मंडळाला तिचा निर्वाहखर्च देण्याचा आदेश देऊ शकतात. ही तरतूद फार थोड्या लोकांना माहीत आहे.

सल्ल्यासाठी किंवा छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

जकात आणि हक्क

काहींना वाटतं, आपल्या गरिबांसाठी आपली जकात आहे, सरकारकडे कशाला जायचं? पण जकातीचे मसले पाहिले तरी उत्तर मिळतं. सख्ख्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना जकात देता येत नाही, कारण त्यांचा खर्च उचलणं हा औलादीवर आधीच फर्ज आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये म्हाताऱ्या आई-बापांना ‘उफ’सुद्धा म्हणू नये अशी ताकीद आहे. आणि ज्यांना कोणीच नाही, त्यांच्याबद्दल हजरत उमर (रजि.) यांची रिवायत इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये आहे. भीक मागणारा एक वृद्ध यहुदी पाहून त्यांनी त्याला घरी नेलं, आणि बैतुलमालमधून त्याच्यासारख्यांना मदत द्यायचा हुकूम दिला. जवानीत ज्याच्याकडून कर घेतला, त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणं इन्साफ नाही, ही त्यामागची भूमिका. ती मदत खैरात म्हणून दिलेली नव्हती. राज्याच्या तिजोरीवर त्या माणसाचा हक्क मानला गेला, आणि त्याचा धर्म कोणता हे पाहिलं गेलं नाही.

आपल्या बुजुर्गांनीही आयुष्यभर घरपट्टी, पाणीपट्टी भरली, काडेपेटीपासून औषधापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर दिला. पेन्शनसाठी अर्ज करताना मान खाली घालायचं काही कारण नाही.

मशीद आणि जमात इथे मोठं काम करू शकते. जुम्म्याच्या बयानात दोन मिनिटं या योजनांवर बोलता येईल. जकात वाटायची यादी प्रत्येक जमातकडे असतेच. त्या यादीत वय, पेन्शन आहे की नाही, आणि कोणता कागद कमी आहे असे तीन रकाने वाढवा. कॉलेजात शिकणारी चार मुलं-मुली दर रविवारी दोन तास बसली, तर महिनाभरात मोहल्ल्याचे अर्ज भरून होतील. दाखल्याचा, झेरॉक्सचा, रिक्षाचा खर्च बैतुलमालमधून द्या. जकातीच्या पैशातून हा खर्च करायचा असेल, तर आधी आपल्या उलमांना विचारून घ्या.

यादी तयार झाली की ती घेऊन नगरपालिकेत जा. आपल्या गल्लीत कोणत्या बुजुर्गाला पेन्शन नाही, हे या आठवड्यात दोन घरं फिरून विचारलंत तरी सुरुवात होईल. अल्लाह तआला आपल्या बुजुर्गांचं साया आपल्यावर कायम ठेवो, आणि त्यांचा हक्क त्यांना मिळवून द्यायची आपल्याला तौफीक देवो. आमीन.